भिडूचं पान

चौतीस वर्षं मी शाळेत मुलींना पी.टी. शिकवली. मुली मला घाबरायच्या आणि, खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. निवृत्त झाले आणि घाबरायला कुणी उरलं नाही. आमचे हे, दिवाकर, तर मला कधीच घाबरले नाहीत. उलट थट्टाच करायचे. त्यांनी एक दिवस जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी आणलं आणि माझ्या मांडीत टाकलं. म्हणाले, "घे, तुला एक विद्यार्थी." मी त्याचं नाव भिडू ठेवलं. वर्षभरात हे गेले आणि घरात मी आणि भिडू असे दोघेच राहिलो.

शेफर्डला नुसतं फिरवून भागत नाही. त्याची रग जिरली नाही की तो पायपुसणी फाडतो, दार ओरबाडतो. म्हणून मी ती उडती चकती आणली, पोरं फ्रिसबी म्हणतात ती. आणली म्हणजे दुकानातून उचलून आणली असं नाही. कडक प्लॅस्टिकची चकती दातांनी चिरते आणि मग कुत्र्याच्या हिरड्या फाडते, हे मी आधी वाचलं आणि मऊ रबराची मागवली. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमागे मैदान आहे. तिथे आधी मी एकटी चक्कर मारायची, काचा आणि खड्डे बघायची. मग भिडूला दहा मिनिटं चालवून अंग मोकळं करायचं. चकती फेकायची ती खाली, त्याच्या खांद्याच्या वर नाही. उंच फेकली की कुत्रा हवेत वळतो आणि वेडावाकडा मागच्या पायांवर आदळतो. पंधरा वेळा फेकली की खेळ बंद, मग त्याने कितीही लाडीगोडी लावू दे. आणि खेळाच्या आधी निदान दोन तास पोटात काही नाही. हे मी मुलींनाही सांगायची, कुत्र्यालाही तेच.

संध्याकाळी आमचा खेळ बघायला माणसं थांबायची. भिडू जमिनीलगत सरळ धावत जाऊन चकती उचलायचा, वळून माझ्या पायाशी ठेवायचा आणि ताठ बसायचा. टाळ्या पडायच्या. "बाईंनी काय शिकवलंय!" असं कुणी म्हटलं की मला दोन दिवस पुरायचं.

सगळं वर्ष नीट जायचं. अडचण फक्त पितृपक्षाची.

पितृपक्षात कावळ्याचं पान लागतं, गाईचं लागतं, कुत्र्याचं लागतं. कावळ्यासाठी गच्चीत तासभर ताटकळावं लागतं. गाईसाठी स्कूटर काढून पंचवटीपर्यंत जावं लागतं. कुत्रा मात्र तळमजल्यावर, माझ्या अंगणात, फाटकाशी शेपूट हलवत तयार. बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे वाडवडील एकट्या भिडूच्या पोटातून तृप्त व्हायला निघाले होते. मी दिवाकरांचं श्राद्ध घालत नाही, त्यांच्या तिथीला एका वसतिगृहात जेवण देते, त्यामुळे आधीच लोक माझ्याबद्दल कुजबुजायचे. मी त्यांना भीक घातली नाही. लिफ्टशेजारी कागद चिकटवला: "भिडूला कोणीही काहीही खाऊ घालू नये. कुसुम गायधनी." 'काहीही'खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या मजल्यावरच्या धोंडाबाईंना वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मुलाबरोबर राहायला त्या सिन्नरकडच्या खेड्यातून आल्या होत्या. दुपारभर त्यांना बोलायला कुणी नसायचं. त्या फाटकाशी येऊन भिडूशी बोलायच्या, आणि तोही कान टवकारून ऐकायचा. मला ते दिसायचं. कागदावर काय लिहिलंय ते मी त्यांना तोंडी सांगायला हवं होतं. एक मिनिटाचं काम होतं.

त्या दिवशी अष्टमी होती. बिल्डिंगमध्ये तीन घरी श्राद्ध. मी अकरा वाजता निवृत्त शिक्षकांच्या बैठकीला गेले आणि चार वाजता परत आले. फाटकाच्या आत एक पत्रावळ पडली होती, चाटून लख्ख केलेली. मी ती उचलली, मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार केला आणि कचऱ्यात टाकली. किती वाजता घातलं, किती घातलं, आणखी कुणी घातलं, काही विचारलं नाही. विचारायला वॉचमन सावळीराम समोरच बसला होता. चार दिवस पावसाने मैदानाचा चिखल केला होता, आज ऊन पडलं होतं, आणि मला खेळायचं होतं.

हो, मला. भिडूला नव्हतं.

तो माझ्या मागे मागे चालत होता. एरवी पट्टा ओढून माझा खांदा निखळवणारा कुत्रा. मैदानात पूजा तिच्या सासरच्या पाहुण्यांना घेऊन उभीच होती. ही वरच्या मजल्यावरची, राकेशची बायको. "बाई, आमचे मामा मालेगावहून आलेत. मी सांगितलं त्यांना, भिडूचा खेळ बघितल्याशिवाय जायचं नाही." तिने मोबाइल पुढे धरला. मी चकती फेकली. भिडू चार पावलं धावला, थांबला, रिकामा परत आला आणि माझ्या पायाशी बसला. ओठ चाटत होता. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

मामा म्हणाले, "आज मूड नाही वाटतं साहेबांचा." आणि हसले.

पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुली मी शेकड्यांनी पाहिल्यात. दहातल्या नऊ खोटं बोलतात. मी दहाही जणींना पळवायची. त्या दिवशीही मला वाटलं ते हेच की हा आळस करतोय आणि चार माणसांसमोर माझी शोभा करतोय. मी म्हटलं, "नाटकं पुरे. ऊठ." तो उठला. तो माझं ऐकायचाच. आणि मी चकती उंच फेकली. मुद्दाम, त्याला चेव यावा म्हणून. इतक्या वर्षांत कधी फेकली नव्हती तशी.

भिडूने उडी मारली. काय सुंदर उडी होती! हवेत अख्खा वळला. टाळ्या पडल्या आणि मी पुन्हा फेकली. पाच वेळा, सहा वेळा. मला टाळ्या ऐकू येत होत्या.

सातव्या वेळी तो चकतीकडे गेलाच नाही. मैदानाच्या मधोमध चारही पाय फाकवून उभा राहिला आणि ओकायचा प्रयत्न करू लागला. काही पडेना, नुसता फेस. मी धावत गेले, पोटाला हात लावला. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं.

राकेशने गाडी काढली. कॉलेज रोडपर्यंत भिडूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो कण्हत नव्हता, फक्त माझ्याकडे बघत होता. दवाखान्यात डॉक्टर मुलगी बाहेर आली, त्याच्या पोटावर बोटांनी ठोकलं आणि तिचा चेहरा बदलला. "पोटाला पीळ बसलाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही? मी यशश्री. आठवी ब."

नाशकात कुठेही जा, माझी एखादी विद्यार्थिनी भेटतेच. ही मला लगेच आठवली. चारशे मीटर. हिने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं आणि मी हिला पळवलं होतं. रेषा ओलांडून ओकली होती पोरगी. दुसरी आली म्हणून मी तिची पाठ थोपटली होती.

"कधी जेवला होता?"

"मी घरी नव्हते. लोकांनी श्राद्धाचं घातलं."

"आणि नंतर खेळला?"

"हो."

सही करायला कागद पुढे सरकवत तिने विचारलं, "खेळायला गेला तेव्हा बरा होता ना? उत्साहात होता?"

साधा प्रश्न होता, उपचारापुरता. तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "हो. नेहमीसारखा." आणि सही केली.

पाऊण तासाने ती बाहेर आली. ऑपरेशन चालू असतानाच भिडूचं हृदय थांबलं होतं. पोट भाताने, वड्यांनी आणि खिरीने गच्च भरलेलं होतं, असं ती म्हणाली. "खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हे होतं, बाई. भरल्या पोटी उड्या मारल्या की धोका वाढतो. पण नक्की कशाने झालं हे कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." मी मान डोलावली. मी स्वतःला दोष देत नव्हतेच. मी दुसरं कुणीतरी शोधत होते.

ते कुणीतरी मला फाटकातच सापडलं. आम्ही परतलो तेव्हा बिल्डिंगमधली माणसं खाली जमली होती. सगळ्यांच्या पुढे धोंडाबाई.

"कसा हाय आपला भिडू?"

"कुणी कुणी घातलं होतं त्याला?" मी विचारलं.

पूजा मोबाइलमध्ये बघायला लागली. पुढे एकदा राकेश बोलता बोलता बोलून गेला, त्यांच्या घरचं खिरीचं भांडंही दीड वाजता भिडूपुढेच ठेवलं होतं. पण त्या वेळी पूजाच्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही. धोंडाबाई मात्र पुढे झाल्या.

"म्या घातलं, बाई. पाव्हणं जेवून उठल्यावर, तीन-साडेतीनला. माझ्या मालकाच्या नावानं. चार वडं, भात... त्यो खात व्हता तर म्या आजून वाढलं. लय आवडीनं खाल्लं त्यानं."

खरं सांगणारी तेवढी एकटीच होती, म्हणून तीच माझ्या तावडीत सापडली.

"तुम्ही मारलंत त्याला!" मी ओरडले. मैदानावर तीनशे मुलींना ऐकू जायचा तो आवाज. "तिथे कागद लावलाय ढळढळीत! डोळे फुटलेत का तुमचे? तुमच्या नवऱ्याला स्वर्गात वडे मिळावेत म्हणून माझा कुत्रा मारलात तुम्ही!"

धोंडाबाईंनी लिफ्टशेजारच्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मला कुटं वाचता येतं, बाई," एवढंच म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. त्यांचा मुलगा गोरक्ष येऊन त्यांना वर घेऊन गेला. वर गेल्यावर तोही त्यांच्यावर ओरडला, ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटत होतं.

त्यानंतर धोंडाबाई खाली आल्या नाहीत. सावळीराम सांगायचा, म्हातारी जेवत नाही, नुसता चहा पिते. बायका माझ्याकडे येऊन हळहळायच्या आणि धोंडाबाईंच्या अडाणीपणाबद्दल बोलायच्या. पूजा तर सगळ्यात जास्त बोलायची. तिच्या मोबाइलमध्ये तो खेळ पहिल्यापासून होता. भिडू रिकामा परत येतो, खाली बसतो, पोटाकडे बघतो, आणि माझा आवाज येतो, "नाटकं पुरे. ऊठ." ती म्हणाली, "बाई, शेवटची आठवण आहे, तुम्हाला पाठवू का?" मी म्हटलं, नको, पुसून टाक, मला बघवणार नाही. तिने माझ्या देखत पुसलं. तिला खीर लपवायची होती आणि मला ते. आम्ही दोघींनी चहा घेतला.

सर्वपित्री अमावास्येला बारा वाजता दार वाजलं. धोंडाबाई. आठवडाभरात निम्म्या झाल्या होत्या. हातात पान होतं, त्यावर दहीभात आणि एक वडा.

"भिडूच्या नावानं केलंय. मुक्या जिवाचं करत्यात का नाय, ठावं नाय मला. पर केलं." त्यांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. "गच्चीत मघापासून उभी व्हते. कावळा येतो, बसतो, पर शिवत नाय. त्याच्या मनात राग हाय माझ्याबद्दल. बाई, तुमी वर येता का? तुमी म्हणा की, माफ केलं. तुमचं ऐकायचा त्यो."

तुमचं ऐकायचा तो. याच्याइतकं खरं माझ्या घरात त्या आठवड्यात कुणी बोललं नव्हतं. म्हणूनच मेला तो. तेव्हाच सांगायला हवं होतं. धोंडाबाई, त्याला खेळायचं नव्हतं. त्याने मला त्याच्या परीने सांगितलं होतं. मी त्याला उठवला. वाक्यं तयार होती, तीनच होती, जिना चढता चढता मी ती मनात दोनदा म्हटलीही.

गच्चीत टाकीवर कावळा बसला होता. धोंडाबाईंनी पान कठड्यावर ठेवलं, हात जोडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शाळेत मुली निकालाच्या वेळी बघायच्या तसं.

मी म्हटलं, "धोंडाबाई, मी तुम्हाला माफ केलं."

मला वाटलं होतं कावळा येणार नाही. खरं सांगायचं तर माझी तशी इच्छा होती, म्हणजे मग मला बोलावंच लागलं असतं. पण कावळ्याला भूक लागली असावी. तो सरळ उतरला, वडा उचलला आणि उडून गेला.

धोंडाबाई रडायला लागल्या. "बघा, ऐकलं त्यानं तुमचं," म्हणत त्या खाली वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.

आता त्या जेवतात. संध्याकाळी खाली येऊन बसतात. नवीन कुणी राहायला आलं की त्याला माझं घर दाखवतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात, वडे किती होते, कागद कुठे होता, कावळा कसा आला. शेवटी म्हणतात, "माझ्या हातून एवढं पाप झालं, पर बाईंनी एका शब्दानं माफ केलं. लय मोठं मन हाय बाईंचं."

मी खिडकीत असते. मला सगळं ऐकू येतं.