किटलीचा शिक्का

सोलांज वाशों सोळा वर्षं एकाच माणसाने केलेले बूट घालून नाचत होती, आणि त्या माणसाचं तोंड तिने एकदाही पाहिलं नव्हतं. चवड्याच्या टोकावर उभं राहायचे ते सॅटिनचे बूट लंडनहून माँट्रियालला खोक्यातून यायचे. तळाला कारागिराची खूण, एक छोटी किटली. बॅले कंपनीतल्या बाकीच्या मुली सतत कारागीर बदलायच्या. सोलांज किटली दिसली की निर्धास्त. बारा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या पायाच्या करंगळीचं हाड वाढलं. भूमिका जातील या धास्तीने ती कुणाशी बोलली नाही. आणि काय आश्चर्य, पुढच्या खोक्यातले डावे बूट नेमके करंगळीशी सैल! देव पावला म्हणायचं आणि गप्प बसायचं, तशी ती बसली.

आता कंपनी लंडनलाच आली होती. अडतिसाव्या वर्षी हा तिचा शेवटचा दौरा आणि शनिवारी दुपारी शेवटचा खेळ. तिने कारखान्यात पत्र धाडलं, सोबत तिकीट. उत्तर आलं, ‘मी रेज पिल्बीम. बॅले कधी पाहिलेला नाही. शनिवारी दोनपर्यंत काम असतं, पण येतो.’ तिने उलट कळवलं, ‘सावकाश या. तुमचे बूट तिसऱ्या नाचात आहेत, मध्यंतरानंतर.’

शनिवारी बाराला जिनेटबाईंनी फळ्यावर नाचांच्या नव्या क्रमाचा कागद लावला. तालमी घेणाऱ्या या बाई म्हणजे कंपनीची सासूच. पहिला वाळूवरचा अनवाणी नाच गेला शेवटी, आणि तिसरा आला पहिला.

“बाई, हे काय?”

“इथल्या थिएटरची माणसं म्हणतात, मध्यंतराच्या वीस मिनिटांत वाळू निघणार नाही. खडा राहिला आणि बूट घसरला तर तुझीच हाडं मोडतील ना?”

“माझा पाहुणा मध्यंतराला येणार आहे! त्याला बूट दाखवायचेत हो मला.”

“मग काय, वाळूत बूट घालून नाचणार आहेस? कळव त्याला.”

कळवणार कसं? कारखान्यातला फोन वाजून वाजून थांबला. यंत्रांच्या खडखडाटात कुणाला ऐकू जातोय! अशी चिडली सोलांज, की रिबिनी शिवताना सुई दोनदा बोटात गेली.

अडीचला पडदा उघडला. बाराव्या रांगेतली खुर्ची रिकामी. ती त्या खुर्चीकडे बघूनच नाचली, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं छान नाचली नव्हती. बुटांनी कुठे दगा दिला नाही. टाळ्या कडाडल्या, आणि सोलांजबाईसाहेब विंगेत येऊन ढसाढसा रडल्या.

मध्यंतरानंतर खुर्चीत एक टकलू म्हातारा बसला होता, मांडीवर डब्याची पिशवी. मेलं नशीब! सोलांज वाळूत उतरली ती अनवाणी. सुजलेले सांधे, काळं पडलेलं नख, करंगळीशी बाहेर आलेलं हाड. रंगमंच सोडला तर हे पाय ती समुद्रावरसुद्धा मोज्यांत ठेवायची.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी तो पिशवी सांभाळत उभा होता. ती तशीच अनवाणी धावली.

“मिस्टर पिल्बीम, माफ करा हो! क्रम बदलला. तुमचे बूट पहिल्यातच होते. एवढे आलात आणि बघायचं तेच राहिलं.”

“बूट?” म्हातारा हसला. “अगं पोरी, दिवसाला चाळीस बघतो मी. पाय कुठे बघायला मिळतात आम्हाला?” मग जरा घुटमळून म्हणाला, “डावा बघू?”

सोलांजने आयुष्यात कुणाला इतक्या जवळून पाय दाखवला नव्हता. तिने भिंत धरली आणि पाऊल त्याच्या पुढे केलं. तो गुडघ्यावर बसला, करंगळीवरची वाळू अंगठ्याने झटकली, हाडावरून बोट फिरवलं.

“एकदा तुझा वापरलेला जोड नमुना म्हणून कारखान्यात परत आला होता. डाव्याला इथेच रक्ताचा डाग. चिठ्ठीत मात्र अवाक्षर नाही. म्हटलं, पोरगी बोलत नाहीये. आपणच जागा सोडू. अंदाजानेच सोडली. बारा वर्षं धाकधूक होती गं, की चुकतंय की काय.”

सोलांजने पाठ केलेलं आभाराचं भाषण कुठल्या कुठे गेलं.

“त्यानंतर एकदाही दुखलं नाही,” ती कशीबशी म्हणाली. “तुमच्यामुळे नाचले हो मी.”

म्हाताऱ्याने मान हलवली. पाऊल मात्र लगेच सोडलं नाही.