आमेनचा हॉर्न

मंडळीत त्याला सगळे वायरमनच म्हणत. गाड्यांच्या बॅटऱ्या, दिवे, हॉर्न हे त्याचं पोटापाण्याचं काम. चर्चमधले पंखे आणि माइक हे बायकोने त्याच्या गळ्यात मारलेलं काम. साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं, तेव्हा पाळकसाहेब सरळ त्याच्या गॅरेजवर आले आणि दाराबाहेरच उभे राहून बोलले.

"आत बसायची बंदी आहे. बाहेर गाडीत बसलं तर चालेल म्हणतात."

"काचा बंद?"

"काचा बंद."

"मग कर्णा लावावा लागेल," वायरमन म्हणाला आणि शिडी काढायला गेला.

तसं ठरलं. रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या मैदानात गाड्या ओळीने लागायच्या, पाळकसाहेब पायऱ्यांवर उभे राहायचे आणि उपासना कर्ण्यावरून व्हायची. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी घरी फोनवर ऐकायचं. रंगारी तेवढा ऐकेना. "गाडी नाही म्हणून मी काय देवाचा सावत्र लेक?" असं म्हणून तो सायकल घेऊन आला आणि सगळ्यांपासून लांब, कुंपणाला टेकून बसला.

पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली आणि समोरून काहीच ऐकू आलं नाही. काचांमागे तोंडं हलत होती, एवढंच. ते भांबावले. "अहो, आहात ना आत? मला वाटायला लागलंय मी पत्र्याला उपदेश करतोय." तेव्हा बेकरीवाल्याने हॉर्न दाबला. त्याचं ऐकून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. रंगाऱ्याने सायकलची घंटी वाजवली. कितीतरी दिवसांनी लोक हसले, आणि तेव्हापासून आमेनच्या जागी हॉर्न आला. पाळकसाहेब वाक्याच्या शेवटी आवाज चढवून थांबले की हात आपोआप जायचे.

वायरमनच्या गाडीत हॉर्न त्याची बायको दाबायची. शेजारच्या सीटवरून ती अख्खी आडवी व्हायची आणि त्याच्या हातावर हात आपटायची.

"अगं, गाडी माझी आहे," तो म्हणायचा.

"गाडी तुमची. आमेन माझं."

पुढे तिला ताप आला. मग दम लागला. मग रुग्णवाहिका आली, आणि त्याला हॉस्पिटलच्या फाटकावरच थांबवलं गेलं. आतून तिचा फोन यायचा, पण बोलणं म्हणजे काय? गॅसचं बटण बंद केलंत का, चर्चच्या माइकला चार्जिंग लावलंत का. एका सकाळी फोन दुसऱ्याच बाईने केला.

दफनाला त्याला एकट्यालाच जाऊ दिलं. मुलगा दुसऱ्या गावी अडकलेला. पाळकसाहेब स्वतः तापाने घरात कोंडलेले. त्यांनी विधी फोनवर केला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, वारा सुटलेला, शेजारी खड्डे खणणारं मशीन सुरू. पांढऱ्या कपड्यातली माणसं घाईत होती, कारण मागे दुसरी गाडी येऊन थांबली होती. वायरमनने पिशवी कानाला घट्ट दाबली. त्याला 'आपण' ऐकू आलं, मध्ये खरखर, आणि शेवटी 'आमेन'. तेवढ्यात मातीही लोटून झाली होती.

पाळकसाहेब बरे झाल्यावर तो त्यांच्या दाराशी गेला आणि फाटकाबाहेरूनच म्हणाला, "तिचा विधी परत करायचा."

"भाऊ, विधी झालाय. देवाने ऐकलाय."

"देवाने ऐकला असेल. मी नाही ऐकला."

पाळकसाहेब दारातून एक पायरी खाली आले. मग म्हणाले, "चर्च उघडलं की करू. सगळ्यांसमोर, नीट."

पण चर्च काही उघडेना. वायरमन काम करायचा, खायचा, झोपायचा, आणि या सगळ्याच्या मुळाशी तो वाट बघत होता. कुणी समाचाराचा फोन केला की तो म्हणायचा, "अजून विधी व्हायचाय. तेव्हा या." जणू ती अजून वाटेत कुठेतरी थांबली होती आणि तिला पोहोचवायचं राहिलं होतं. शेवटी पाळकीणबाईंनीच नवऱ्याला सुनावलं. "उघडायची कसली वाट बघताय? त्या माणसाकडे बघवत नाही. मैदानातच करा."

त्या रविवारी ऊन नव्हतं. वायरमनने नेहमीसारखा कर्णा जोडला, आवाज तपासला आणि गाडी पहिल्या ओळीत लावली. मागे बेकरीवाला आणि त्याची आई, शेजारी मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या गाडीइतकी जुनी गाडी मैदानात दुसरी नव्हती.

पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं, पूर्ण नाव, माहेरच्यासकट. वायरमनने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले.

"आपली ही बहीण," पाळकसाहेब म्हणाले, "जिला प्रभूने आपल्याजवळ बोलावून घेतलं..." इथे त्यांचा आवाज चढला आणि श्वास घ्यायला ते थांबले.

आणि मैदानभर हॉर्न वाजले.

कुणाच्या मनात काही नव्हतं. सवय होती. एकदा दाबून सगळ्यांचे हात चटका बसल्यासारखे मागे आले. एक हॉर्न मात्र थांबेचना. मोठ्या बाईंचा. बटण आत जाऊन अडकलं होतं. बाई त्यावर चापट्या मारत होत्या, काचेतून सगळ्यांकडे बघून मान हलवत होत्या, आणि गाडी एकसारखी बोंबलत होती. पाळकसाहेब हातातलं पुस्तक धरून नुसते उभे.

वायरमनने गाडीचं दार उघडलं. मग उतरला, डिकीतून पक्कड घेतली आणि बाईंच्या गाडीचं बॉनेट ठोकलं. बाईंनी आतून ते उघडलं. त्याने हॉर्नची वायर उपटली.

"वायरमन, अरे मी..." बाई काचेमागून म्हणाल्या. पुढचं ऐकू आलं नाही.

तो परत जाऊन बसला. पाळकसाहेब कर्ण्यावर म्हणाले, "कृपा करून आज कुणी हॉर्न दाबू नका." पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा नाव, पुन्हा माहेर. ते वाक्य या वेळी नीट पार पडलं. मग त्यांनी तिच्यासाठी देवाची शांती मागितली, आवाज चढला, आणि बेकरीवाल्याचा हॉर्न वाजला. बारीक, अर्धवट, मध्येच गिळलेला. पण वाजला. आरशात वायरमनला दिसलं, मागच्या सीटवरून त्याच्या आईने त्याच्या खांद्यावर धपाटा घातला.

वायरमन पुन्हा उतरला. रागात दिसत नव्हता. कामाला निघालेल्या माणसासारखा तो बेकरीवाल्याच्या गाडीपुढे गेला आणि बॉनेटवर टकटक केली. ती वायर सोडली आणि शेजारच्या गाडीकडे वळला. मग तिच्या पुढच्या. पाळकसाहेबांना कळलं तसं ते माइक बंद करून पायरीवर बसले. लोकही समजले. तो पोहोचायच्या आधीच बॉनेटं उघडायला लागली. रंगाऱ्याने आपल्या घंटीची टोपी फिरवून काढली आणि खिशात टाकली. कुणी गाडी सुरू केली नाही, कुणी निघून गेलं नाही. शेवटी त्याने स्वतःच्या गाडीची वायर सोडली, हात पुसले आणि आत बसून पाळकसाहेबांकडे बघून मान हलवली.

मग विधी झाला. सगळा. मातीला माती म्हणून झालं, आशेचं वचन वाचून झालं, मागे राहिलेल्यांसाठी मागून झालं. वायरमनने शब्दन् शब्द ऐकला. शेवटी पाळकसाहेब आमेन म्हणाले आणि मैदानात पान पडलं असतं तरी ऐकू आलं असतं.

आता वायरी परत जोडायच्या होत्या. हॉर्नशिवाय रस्त्यावर कसं जाणार? तो पुन्हा एकेका गाडीपुढे उभा राहिला. बॉनेट वर केलेलं असल्यामुळे आतला माणूस त्याला दिसत नव्हता आणि तो आतल्याला. मग लोकांनी काचा बोटभर खाली घेतल्या.

"मी आलो होतो त्या दिवशी," बेकरीवाला म्हणाला. "दफनभूमीच्या फाटकापर्यंत. आत सोडलं नाही रे. तुझ्यासाठी आणलेला पाव तिथल्या पहारेकऱ्याला देऊन परत आलो."

"हं," वायरमन बॉनेटमागून म्हणाला. "दाबून बघ."

हॉर्न हळूच वाजला.

"तुझ्या बायकोने मला एकदा चर्चच्या दारात अडवलं होतं," बेकरीवाल्याची आई मागच्या सीटवरून म्हणाली. "उशीर झाला म्हणून. सगळ्यांदेखत! वर्षभर बोलले नाही मी तिच्याशी. आता भांडू कुणाशी?"

"माझ्याशी भांडा, मावशी."

"तुझ्यात काय राम आहे? तू उलटून बोलत नाहीस."

त्याला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर फिरून भलतंच काहीतरी झालं. हात काळे होते म्हणून त्याने दंडाने डोळे पुसले. बॉनेट खाली करायला त्याने वेळ लावला. आतून कुणी घाई केली नाही.

असंच पुढे चाललं. कुणी बोललं, कुणाला बोलता आलं नाही. एकाने नुसता हॉर्न दाबून बघितला आणि तो बराच वेळ रडत राहिला. मोठ्या बाईंची वायर त्याने जोडलीच नाही.

"स्विच गेलाय, बाई. नवा टाकावा लागेल."

"माझ्यामुळे झालं सगळं."

"तुमच्यामुळे नाही. स्विच जातो कधीतरी. गॅरेजवर घेऊन या."

गाड्या एकेक करून फाटकाबाहेर पडल्या. रंगारी सर्वांत शेवटी गेला. वायरमनने कर्णा उतरवला, वायर कोपरावर गुंडाळली. पाळकसाहेब चार हात लांब उभे होते.

"बरं वाटलं का, भाऊ?"

वायरमनने विचार केला. इतके दिवस सकाळी उठल्यावर एक गोष्ट करायची बाकी आहे हे त्याला माहीत असायचं. तिचा विधी. त्यावर तो उठायचा, चहा करायचा, गॅरेज उघडायचा.

"नाही," तो म्हणाला. "पण झालं."

गुंडाळलेली वायर त्याने पायरीवर ठेवली. घरी जायला तसं काही कारण नव्हतं. तरी तो गाडीत बसला.