खाली लावू की वर?

"कंट्रोल, तीन नंबर बोलतोय. खाली लावू की वर?"

पन्नासची नजर फोनकडे गेली. फोनशेजारी एक तांबडा दिवा जळत होता. तो जळतोय तोवर शब्द न् शब्द टेप होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरीही तीन नंबरने विचारलं होतं, म्हणजे गोष्ट त्याच्या गळ्याशी आली होती.

पन्नास हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. देशभरच्या विजेचा तोल जिथून सांभाळतात त्या कंट्रोल रूममध्ये त्याची सगळी नोकरी गेली. वीज कमी पडली की भिंतीवरचा मोठा आकडा पन्नासच्या खाली घसरतो, जास्त झाली की वर चढतो. त्याला जागेवर ठेवायचं, एवढंच काम. त्यापायी डबा खातानाही त्याची मान भिंतीकडे वळलेली असायची. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर बायको म्हणायची, "आज पन्नासच्या जरा खाली आहे, गोड मानून घ्या."

तीन नंबर म्हणजे तीन नंबरच्या वीजकेंद्रातला फोनवरचा माणूस. केंद्र जुनं, कोळशावरचं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं, पण केस काळे होते तेव्हापासून ते रोज बोलत आले होते. आकडा घसरायला लागला की पन्नास फोन उचलायचा, "अरे, जरा जोर लाव." तिकडून "लावला" एवढंच यायचं आणि आकडा सावरायचा. मग गुडघेदुखी, जावयाचे रुसवे, साखर वाढल्यावर चोरून खाल्लेले लाडू. पन्नासचे वडील अत्यवस्थ होते त्या दिवशी तीन नंबर म्हणाला होता, "तू आधी दवाखान्यात जा. तुझ्या जागी जो बसेल त्याला सांग, आज आकडा हलला तर मला विचार." आकडा हलला नव्हता.

पुढे बाजार खुला झाला. एका खात्याची सगळी केंद्रं वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेली. रोज सकाळी प्रत्येकाने आपापला भाव लावायचा. ज्याचा स्वस्त त्याची वीज आधी उचलायची, ज्याचा महाग त्याने हात चोळत बसायचं. लोकांची बिलं उतरतील म्हणाले, आणि काही काळ उतरलीही. बाजारवाल्या मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही आता पंच आहात. पंचाने कुठल्याही खेळाडूच्या कानाला लागायचं नाही." टेबलावरच्या काचेखाली छापील वाक्यं आली. फोनवर तेवढीच बोलायची. 'अरे' गेलं, 'आपण' आलं.

पन्नासला हे पटलं होतं, हीच तर पंचाईत होती. पूर्वी वशिल्याने कोणाकोणाची मशीनं चालायची हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नियमाला चार शिव्या हासडता आल्या असत्या तर निदान जीव हलका झाला असता. तेही जमत नव्हतं. अलीकडे त्याला सारखा थकवा यायचा, आणि डॉक्टर म्हणायचे की रिपोर्ट तर उत्तम आहेत.

"ऐकतोयस ना?" तीन नंबरने आवाज खाली आणला. "मालक म्हणतायत, आज आपली वीज उचलली गेली नाही तर कायमचं टाळं. संध्याकाळी तंगी पडणार असेल तर मी भाव खाली लावतो, आत शिरतो. तंगीत संध्याकाळचा दर चढला की भरून निघेल. तंगी नसेल तर मात्र खाली लावून तोट्यात सगळ्यांना घेऊन बुडणार. एक शब्द सांग रे. बाकी काही नको."

तो शब्द पन्नासच्या समोरच पडद्यावर होता. सगळ्यात मोठ्या नव्या केंद्रात बॉयलरची नळी गळायला लागली होती. संध्याकाळपर्यंत तग धरेलसं वाटत नाही, असं त्यांनी कंट्रोलला कळवलं होतं. खातरजमा होऊन ही बातमी जाहीर व्हायला दुपार उजाडणार होती, आणि भाव लावायची मुदत त्याआधीच संपत होती.

'खाली.' एवढं म्हटलं की झालं. शब्द जिभेवर आला. मॅडम पलीकडे मान खाली घालून काहीतरी टाइप करत होत्या. टेप तरी रोज कोण ऐकत बसतं?

पण पाच नंबरच्या फोनवर एक बाई असायची, पोराला एकटीने वाढवणारी. तिचंही केंद्र असंच आज-उद्यावर होतं. तीन नंबर आत शिरला की पाच नंबर बाहेर. तिला कोण एक शब्द सांगणार होतं?

पन्नासने काचेखाली बघितलं. "बाजारासंबंधीची माहिती जाहीर फलकावर उपलब्ध आहे. कृपया आपण तिथे पाहावी."



"वाचून म्हणालास?"

"हो."

"छान वाचलंस," तीन नंबर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मॅडम चहा घ्यायला उठल्या तेव्हा पन्नासजवळ थांबल्या. "बरं नाही का? चेहरा उतरलाय."

"मॅडम, पंचाच्या ओळखीचं कोणीच नसतं का हो?"

"असतं ना," त्या म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ दोन नंबरला आहे. सणासुदीलाही आम्ही कामाचा विषय काढत नाही. आता तर फारसे भेटतच नाही."

येताना त्यांनी त्याच्यासाठीही चहा आणला. तो पन्नासने निमूटपणे घेतला.

दुपारी निकाल आला. तीन नंबरने भाव वर लावला होता. थोडक्यात हुकला. पाच नंबर आत होती. त्यानंतर गळतीची बातमी जाहीर झाली आणि खोलीत एकच धावपळ उडाली. संध्याकाळी कुठल्या कुठल्या भागांत अंधार करावा लागेल, याची जुळवाजुळव सुरू झाली.

"तीन नंबरचं मशीन अजून फिरतंय," पन्नास म्हणाला. "आजच्यापुरतं फिरत ठेवू या ना. संध्याकाळी लागणारच आहे."

"मालकांनी बंद करायची परवानगी मागितलीय," मॅडम म्हणाल्या. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "गरज पडेल म्हणून नुसतं फिरत ठेवायचा खर्च कोणी सोसायचा, ते नियमात अजून ठरलेलं नाही. मी दोनदा लिहून पाठवलंय वर. तोवर आपल्याला नाही म्हणता येत नाही."

पन्नासने फोन लावला. "तीन नंबर, युनिट ग्रिडपासून वेगळं करावं."

"युनिट ग्रिडपासून वेगळं करतोय," तीन नंबरने नियमाप्रमाणे वाक्य परत म्हटलं. मग म्हणाला, "केलं."

आता कंट्रोलने धन्यवाद म्हणून फोन ठेवायचा असतो.

"गळतीचं वाचलं मी आत्ता," तीन नंबर म्हणाला. "तुला सकाळीच माहीत होतं."

याला काचेखाली उत्तर नव्हतं.

"हो रे," तो म्हणाला. "माहीत होतं."

तीन नंबरने फोन ठेवला नाही. पन्नासनेही ठेवला नाही.

फोनमधून मशीनची घरघर येत होती. इतकी वर्षं तीन नंबरच्या प्रत्येक शब्दामागे ती होती, म्हणून पन्नासला ती कधी वेगळी ऐकू आलीच नव्हती. आता ती उतरायला लागली होती. एवढं मोठं चाक, वाफ तोडली तरी लगेच थांबत नाही. मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तांबड्या दिव्याकडे पाहिलं, पन्नासकडे पाहिलं, आणि दुसरा वाजणारा फोन त्याच्या टेबलावरून उचलून त्या स्वतःच्या जागी घेऊन गेल्या.

घरघर बारीक होत होत पार विझली. मग पन्नासला तीन नंबरचा श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा श्वास, थोडी धाप असलेला. तो त्याने आजवर कधीच ऐकला नव्हता.