बावन्न तारा

त्या गुरुवारी दुपारी साडेचारला बाबांचा फोन आला. "भरताची वांगी मिळालीत. सातच्या आत आलीस तर गरम खाशील. नाहीतर तुझं नेहमीचं."

माझं नेहमीचं म्हणजे नऊ वाजता मंडीदीपच्या कारखान्यातून इंद्रपुरीला घरी पोचणं आणि झाकून ठेवलेलं गार जेवण. तिथे सिग्नलच्या रॅक, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या तारांची लोखंडी कपाटं बनतात आणि मी त्यांच्या तपासणीचं काम करते. त्या दिवशी माझ्यासमोरची रॅक दुसऱ्या एका शहराच्या भुयारी मेट्रोसाठी जायची होती. शेवटची चाचणी सोपी आणि कंटाळवाणी असते. एकेक तार सोडवायची आणि दिवा पाहायचा. कुठलीही तार तुटली तरी सिग्नल लालच झाला पाहिजे. हिरवा राहिला, तर बोगद्यात थांबलेल्या गाडीमागे दुसरी गाडी वेगात येईल. म्हणून या कामाला दोघं लागतात. एकाने तार काढायची, दुसऱ्याने दिव्यापाशी उभं राहून मोठ्याने रंग सांगायचा.

तारा दोनशे बारा होत्या. मी काढत होते आणि आमची टेक्निशियन सरोज "लाल, दीदी" म्हणत होती. एकशे साठ तारा झाल्या, प्रत्येक वेळी लाल. मी घड्याळ पाहिलं. तक्त्यातल्या उरलेल्या बावन्न चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, सही केली आणि कागद सरोजपुढे सरकवला.

"दीदी, ये बाकी वाले?"

"सब एक जैसे हैं. साइन कर दे."

साडेसहाला मला दारात पाहून बाबा म्हणाले, "काय गं, कारखाना बुडाला की काय?"

बाबांनी इथल्या मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं मोटारी तपासल्या. क्वार्टर्समध्ये त्यांना सगळे नापासकाका म्हणायचे. शेजारच्या सुलभाकाकू लोणचं पाठवताना निरोप द्यायच्या, "नापास झालं तर बरणी तरी परत करा." दवाखान्यात मोजलेला तापही बाबा घरी येऊन पुन्हा मोजत.

"रॅक संपली," मी म्हणाले.

"सगळ्या तारा काढून पाहिल्यास?"

"हो."

"मग हात धू."

एवढंच. दुसरा प्रश्न नाही. वांगी त्यांनी जरा जास्तच भाजली होती आणि ते स्वतःच कबूल करून हसत होते. आम्ही दोघांनी दोनदा भाकरी घेतली. जेवून झाल्यावर आई होती तेव्हाच्या गोष्टी निघाल्या. इतकं निवांत आम्ही कित्येक महिन्यांत बसलो नव्हतो.

सकाळी दूध घेऊन आल्यावर चपला काढायला ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. रॅक लाकडी पेटीत बंद होऊन फाटकाजवळ उभी होती. ट्रक तीन वाजता येणार होता. मी सरळ आमच्या व्यवस्थापकांकडे, देवतळेसाहेबांकडे गेले. ते मूळचे नागपूरचे. बाबा गेल्यापासून तीनदा घरी येऊन बसले होते.

"सर, पेटी उघडायला सांगा. तारा पुन्हा काढायच्या आहेत."

"बस आधी. पाणी पी." त्यांनी तक्ता काढून टेबलावर ठेवला. "झाल्यात की दोनशे बारा. तुझी सही असली की मी रॅककडे बघतही नाही, ठाऊक आहे ना?"

"तरी उघडा."

"अगं, तिकडे बसवल्यावर ते पुन्हा तपासतातच."

"तिथेही कोणाला तरी घरी जायची घाई असेल."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं होतं, सुचेता. माझे वडील गेले ना, तर मी महिनाभर गॅसचं बटण बघत होतो. रात्रीतून चारदा उठायचो. बायको म्हणे, आता बटणाचीच पूजा मांडा. जाईल हळूहळू. आणखी आठ दिवस रजा घे."

सरोज चहा घेऊन आली होती. तिने तक्त्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "दीदी, आप बैठो ना," ती म्हणाली.

मी बसले असते तर ते सगळ्यांनाच सोयीचं होतं. वडील गेलेल्या मुलीचा हट्ट म्हणून त्यांनी तो ऐकून घेतला असता आणि तीन वाजता ट्रक निघाला असता. खरं कारण सांगायचं, तर ती संध्याकाळ कुठून आली तेही सांगावं लागणार होतं. बाबांबरोबरची माझी शेवटची संध्याकाळ मी त्या बावन्न तारांमधून काढली होती, आणि ती मिळाली नसती तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझी जीभ अजूनही वळत नव्हती.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तक्ता उचलला आणि एकशे साठनंतरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, हा हट्ट नाही. इथून पुढच्या तारा मी काढल्याच नाहीत. खुणा खोट्या आहेत. सरोज विचारत होती, मीच तिला सही करायला लावली. मला घरी जायचं होतं. बाबांनी विचारलं, सगळ्या पाहिल्यास का. मी हो म्हणाले. मी त्यांच्याशी खोटं बोलले."