पाळीचं कुणी विचारलंच नाही

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची. शिलाईवाल्या तिला मास्तरीण म्हणायच्या. दुसऱ्याचं माप नजरेनं सांगणारी ही बाई स्वतःच्या कमरेला टेप लावायला मात्र घाबरू लागली होती. दोन वर्षांत पाच इंच! हनुवटीवर राठ केस, आणि पाळी तर चार-चार महिने तोंड दाखवत नव्हती.

"जरा तोंड आवर," आई म्हणायची. ती अर्धपोटी उठायची, तरी तेच. उपाशी राहून वर खादाड ठरण्याचा राग काय असतो, ते तिलाच ठाऊक.

घरात तिच्या दोन फायली होत्या. फिटच्या डॉक्टरांची फाईल आईच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी. गोळ्या आणल्या की आई खोकं आणि आतला माहितीचा कागद फाडून टाकायची, गोळ्या ताकदीच्या औषधाच्या बाटलीत भरायची. बाहेर कळलं तर मुलीचं लग्न कसं जमणार? नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. ते डॉक्टरही धन्य! "फिट आली? नाही ना? मग चालू ठेवा." पाळीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

दुसरी फाईल बायकांच्या डॉक्टरीणबाईंची. सोनोग्राफी बघून त्या म्हणाल्या, "मूल राहायला त्रास होऊ शकतो. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"छे, काही नाही," आईनं नेहमीसारखं सांगितलं.

आजवर ती मान खाली घालून बसायची. आज तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"खोटं! मला फिट येतात. नऊ वर्षं गोळी चालू आहे." फिटच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं गोळीचं नावही तिनं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, या गोळीनं काही जणींचे हार्मोन्स बिघडतात, अंडाशयांवर परिणाम होतो. पोटातल्या बाळालाही धोका असतो. हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का? पण मनानं बंद करू नका, फिट उलटतील. मी तुमच्या फिटच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, गोळी बदलता येते का बघू."

"झालेलं भरून येईल?"

"बरंचसं येऊ शकतं. सगळं येईलच असं नाही सांगत."

बाहेर पडताच आई कुजबुजली, "चिठ्ठी आत ठेव, कुणी बघेल."

"बघू दे! ज्या लग्नासाठी लपवलंस, त्या लग्नात मूल होईल की नाही हेच आता कुणाला माहीत नाही!" रस्त्यावरची माणसं थांबली. तिनं आवाज खाली आणला नाही.

ती तडक कारखान्यात गेली आणि मशिनी बंद करायला लावल्या. "ऐका गं. मला फिट येतात. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका." मग गोळीचं सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता.

मशिनी पुन्हा सुरू झाल्या. काजं करणारी बाई मात्र उठून टेबलापाशी आली.

"नाव लिहून दे गं त्या गोळीचं," ती हळूच म्हणाली. "माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तिलाही फिटची गोळी चालू आहे."