पूर्णवेळ इंजिनीयर

"खुर्ची जरा खिडकीकडे घ्या, बाबा. म्हणजे रोज बसता असं वाटेल," जावई म्हणाला.

ओळंबासाहेबांनी खुर्ची सरकवली. या कार्यालयात ते आज पहिल्यांदाच येत होते. टेबलावर त्यांच्या नावाची पट्टी, नकाशांची गुंडाळी आणि एक पिवळं हेल्मेट मांडून ठेवलं होतं. हेल्मेटवरचं किमतीचं लेबल तेवढं काढायचं राहिलं होतं, ते त्यांनी नखाने खरवडून काढलं.

पट्टीवरचं नाव तसं कुणी घेत नसे. उमेदीच्या काळात एखादी भिंत डोळ्यांना खटकली की ते खिशातून ओळंबा काढून दोरी सोडायचे, आणि भिंत तिरपी निघाली तर उभ्या उभ्या पाडायला लावायचे. गवंड्यांनी वैतागून हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. पुढे बायकोने अंथरूण धरलं. तिला कुशीवर वळवायला, भरवायला घरात माणूस हवं होतं, म्हणून त्यांनी साइट सोडली. वर्षानुवर्षं तिचं सगळं केलं, तोंडातून ब्र काढला नाही. मागच्या वर्षी ती गेली. तेव्हापासून ते सकाळी उठत, दाढी करत, आणि पुढे काय करायचं ते न सुचून बसून राहत. आपल्याला रडू आलं नाही, याचंसुद्धा त्यांना काही वाटलं नव्हतं.

अशात एक दिवस लेक आली. नवऱ्याने नोकरी सोडली होती. जमीन घेऊन इमारती बांधायचा व्यवसाय काढायचा होता, आणि त्यासाठी राहतं घर गहाण पडलं होतं. परवान्यासाठी कार्यालय लागतं, ते घेतलं होतं. भांडवलाचा दाखलाही मिळाला होता. घोडं अडलं होतं ते इंजिनीयरपाशी. नोंदणी असलेला, अनुभवी आणि कंपनीत पूर्णवेळ काम करणारा इंजिनीयर दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही.

"बाबा, तुम्ही याल आमच्या कंपनीत?" तिने विचारलं.

ती गेल्यावर त्यांनी माळ्यावरून साइटचे जाड बूट काढले आणि तेल चोळून मऊ केले. कितीतरी दिवसांत काही करावंसं वाटलं, ते एवढंच.

आज ते बूट घालूनच आले होते. जावयाने बुटांकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं की साइटवर सुपरवायझर ठेवलाय, तो सगळं बघेल. बाबांना या वयात उन्हातान्हाची दगदग नको. फक्त परवान्याच्या तपासणीला बसायचं आणि लागेल तिथे सही करायची. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. तो आपल्या परीने सासऱ्यांची काळजीच घेत होता, त्यामुळे त्याच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही.

"बरं," ओळंबासाहेब म्हणाले.

तपासणी अधिकारी आले. त्यांनी खोली पाहिली, कागद चाळले आणि टेबलापाशी येऊन थांबले.

"तुम्ही इथे पूर्णवेळ आहात?"

अधिकाऱ्यांच्या पाठीमागे लेक दाराची चौकट धरून उभी होती. तिचं घर आता या एका उत्तरावर होतं.

"हो. रोज येतो," ओळंबासाहेब म्हणाले. बोटभर तिरपेपणा कधी चालवून न घेतलेला माणूस, पण आवाज जरासुद्धा हलला नाही.

अधिकाऱ्यांचं लक्ष खाली बुटांकडे गेलं. "साइटवरूनच आलात वाटतं," ते हसून म्हणाले आणि त्यांनी सही केली.

परवाना मिळाल्याचं सांगताना लेक फोनवर रडली. छान झालं, असं ओळंबासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

काम सुरू झाल्यावर एका सकाळी ते बूट घालून साइटवर गेले. पत्र्याच्या कुंपणाआड खांब वर येत होते. फाटकावरचा वॉचमन स्टुलावरून उठला आणि कोण हवंय म्हणून त्याने विचारलं. बाहेरच्या कुणालाही आत सोडायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं. "राग मानू नका, काका," तो म्हणाला.

फाटकाशेजारीच नियमाप्रमाणे पाटी लावली होती. वर कंपनीचं नाव, मग परवान्याचा क्रमांक, आणि सगळ्यात खाली इंजिनीयर म्हणून त्यांचं नाव. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण मग वॉचमनने फोन केला असता, जावई धावत आला असता आणि ओशाळून खुर्ची मागवली असती. पुन्हा खुर्ची नको होती.

"पाटी तिरपी लागलीय," ते म्हणाले.

"असू दे की. वाचता येतेय ना?"

"येते. पण तिरपी आहे."

वॉचमनला काय वाटलं कोण जाणे, तो हातोडी घेऊन आला. ओळंबासाहेबांनी खिशातून ओळंबा काढला, पाटीच्या कडेला दोरी सोडली आणि ती झुलायची थांबेपर्यंत वाट पाहिली. मग खालचा कोपरा तळहाताने दाबून धरला. त्यांचं नाव हाताखाली गेलं.

"आता ठोका," ते म्हणाले.

वॉचमनने खिळा ठोकला. "झालं, काका. आता जरा फाटकापासून लांब उभे राहा, साहेब ओरडतात."

त्यांनी ओळंब्याची दोरी बोटांवर नीट गुंडाळली आणि ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.