आईला विचारायची रीत

आमच्या आईला तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?" त्यामुळे वॉर्डात सलाइन लावून पडली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना पांघरूण नीट घ्या म्हणून बजावत होती.

ताप हटत नव्हता. मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोचलाय, एवढं डॉक्टरांना कळलं होतं; पण तपासणीत जंतू काही सापडत नव्हता. जंतू कुठला ते कळत नाही तोवर औषध अंदाजानेच द्यायचं.

"काकू, घरी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं. "आधी थोड्या पोटात गेल्या असल्या तर जंतू तपासणीत दिसत नाहीत. आणि त्या गोळ्यांना न जुमानणारे मागे उरले असतील, तर आमचं हे औषध चालायचं नाही."

"छे! मी कशाला घेऊ?"

"आई, खरं सांग, घेतल्यास ना?" मी आवाज चढवला.

"नाही म्हटलं ना एकदा!" तिने माझ्यापेक्षा चढवला. तापातसुद्धा आवाज खणखणीत. शेवटी सिस्टरने दोघींना दम दिला आणि मी पाय आपटत तळमजल्यावर माझ्या टेबलाशी आले.

मी त्याच हॉस्पिटलात मेडिकल कोडर आहे. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराचा एक ठरलेला कोड असतो, तो आम्ही लावतो. कोणत्या जंतूने आजार झाला यावरही कोड बदलतो. नियम कडक: डॉक्टरांनी लिहिलं नसेल ते आपल्या मनाने धरायचं नाही, तपासणीत जंतू ढळढळीत दिसत असला तरी. शंका असेल तर विचारायचं.

त्या दिवशी समोर कुणाची तरी न्युमोनियाची फाइल होती. डोकं तापलेलंच होतं. मी डॉक्टरांना प्रश्न खरडला, 'हा आजार याच जंतूमुळे झालाय ना?'

"खोड ते," मागून आमच्या मुख्य बाई म्हणाल्या. नोकरीला लागल्यापासून त्यांनीच मला हाताला धरून शिकवलं होतं. "उत्तर तूच देऊन टाकलंस तर विचारतेस कशाला? समोरचा एक तर मान डोलावेल, नाही तर भांडेल. जे दिसलं ते आधी मांड. मग काय काय असू शकतं ते लिही, आणि शेवटी 'इतर' आणि 'सांगता येत नाही' यांना जागा ठेव. माणसाला बाहेर पडायला दार हवं."

मी पेन ठेवलं आणि तशीच वर गेले.

"आई, तुला थंडी वाजत होती. मग मध्येच ताप उतरला आणि पुन्हा चढला. मधल्या दिवसांत तू काय केलंस? नुसती झोपून राहिलीस, गरम पाणी प्यायलीस, कसल्या गोळ्या घेतल्यास, आणखी काही केलंस, की आठवत नाही? काहीही चालेल. मी ओरडणार नाही."

आई छताकडे बघत राहिली. मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं माझं मलाच ठाऊक.

"तुझ्या गोळ्या घेतल्या," ती म्हणाली. "घसा धरला होता तेव्हाच्या. बरं वाटल्यावर तू अर्ध्या टाकून दिल्यास, त्या मी डब्यात ठेवल्या होत्या. चांगल्या गोळ्या टाकायच्या कशाला?"

"अगं, पण डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"तुझी नोकरी अजून कायम झाली नाही. मी आजारी म्हटल्यावर तू रजा काढणार. मग ते म्हणणार, ही आत्ताच घरी बसते, पुढे काय दिवे लावणार!"

ओरडणार नाही म्हटलं होतं, म्हणून तशीच उठले. डॉक्टरांना बोलावलं, गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि लगेच औषध बदललं.

मग मी आईसमोरच बाईंना फोन लावला, स्पीकरवर. "बाई, माझी आई वरच्या वॉर्डात आहे. ती बरी होईपर्यंत रजा हवी."

"आई वर आहे आणि तू खाली फायली चिवडतेस?" बाई कडाडल्या. "अक्कल गहाण टाकलीस का गं? आधी का बोलली नाहीस? बस त्यांच्याजवळ. त्यांची फाइल आली की मी बघेन, तू हात लावायचा नाहीस."

फोन बंद झाला.

"एवढंच होतं?" आईने विचारलं.

"एवढंच."

"मला वाटलं, काढून टाकतील तुला."

"काढलं असतं तर दुसरी नोकरी शोधली असती. दुसरी आई कुठून आणणार होते मी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरायला लागला. डॉक्टर हसतमुखाने येऊन गेले. मी तिचे केस विंचरत होते, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"कंबर दुखतेय गं."

"खूप?"

"खूप," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि सिस्टरला हाक मारली.